गुरुवारच्या लाल रेघा

मध्यंतरी मला आमच्या इमारतीतल्या प्रत्येक माणसाचा संशय येत होता. बायकोचा येत होता, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याचा येत होता, पार्सल हातात देऊन घरात डोकावणाऱ्या कुरिअरवाल्याचा तर फारच. संशय आला नाही तो फक्त आमच्या चपलांच्या कपाटाचा. आणि चहाडी करणारा तिथंच, कपाटावर, हिरवा दिवा लुकलुकवत बसला होता. मीच बसवला होता. वर कौतुकाने रोज पुसतही होतो.

मी पुण्याजवळच्या नांदे गावात राहतो. मूळचा परभणीकडचा, हिंजवडीच्या एका कंपनीत लोकांचे सर्व्हर सांभाळतो. दिवसभर दुसऱ्याची गुरं राखणाऱ्याला कधीतरी स्वतःची एक शेळी पाळावीशी वाटते, तसं माझं झालं. सोशल नेटवर्कची एक जात अशी आहे की तिला एक मालक नाही. गावोगावी चावड्या असाव्यात तशी ती असते. कुणीही आपली चावडी बांधावी, चार माणसं बोलवावीत, आणि इथं बोललेलं दुसऱ्या चावडीवरही ऐकू जावं. एखादी चावडी आवडेनाशी झाली, तर आपला गोतावळा घेऊन दुसरीकडे बिऱ्हाड हलवावं. माझी चावडी म्हणजे जेवणाच्या डब्याएवढा एक जुना कॉम्प्युटर. तो चपलांच्या कपाटावर ठेवला, कारण घरातला रिकामा प्लग तिथंच होता. पूर्ण रिकामा नव्हता. तो घरघंटीचा होता. पण त्याबद्दल पुढे.

पहिल्या पानावर मी मोठ्या अक्षरात लिहिलं, 'इथे खरं नाव लागत नाही. इथे तुमच्यावर कुणी पाळत ठेवत नाही.' आणि त्याच्या खाली लावली हिरवी पट्टी.

ही पट्टी म्हणजे काय, तर काही वेबसाइटी तुमच्या सर्व्हरला दर थोड्या वेळाने 'आहेस का?' म्हणून हाक मारतात आणि तो किती टक्के वेळ जागा होता याचा दाखला म्हणून एक छोटं चित्र देतात. ते आपल्या पानावर डकवायचं. माझ्या चित्रात हिरव्यावर पांढऱ्यात आलं, 'चालू : सत्त्याण्णव टक्के.' बारावीला मला एवढे कधी पडले नव्हते. मी तो आकडा ऑफिसात दाखवला, साल्याला पाठवला. त्या पट्टीवर बोट ठेवलं की एक रांग उघडायची: सर्व्हर चालू तेव्हाच्या हिरव्या रेघा आणि बंद तेव्हाच्या लाल. लाल थोड्याच होत्या. मी त्यांच्याकडे बघितलंच नाही. स्वतःच्या प्रगतिपुस्तकातलं लाल कोण बघतं!

समोरच्या दारात एक ताई भाड्याने राहतात. पिरंगुटच्या बाजूला शाळेत मराठी शिकवतात. मिस्टर बदलीवर विदर्भात, मुलगी दहावीला. त्या नव्याने आल्या तेव्हा चहा पिता पिता बायकोला म्हणाल्या होत्या, "घर बघायला गेलं की आधी हॉल दाखवतात, मग किचन, मग बाल्कनीतून डोंगर दाखवतात. आणि दाराशी आल्यावर आडनाव विचारतात. आम्ही बौद्ध आहोत हे कुणी तोंडावर विचारत नाही, आडनावातून काढतात. मग म्हणतात, कळवतो." आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांनी मात्र त्यांना फक्त 'मानसं किती?' एवढंच विचारलं आणि चावी दिली. अध्यक्ष नांद्यातलेच. ही इमारत उभी आहे ती त्यांच्याच वावरात. जमिनीच्या बदल्यात बिल्डरकडून त्यांना फ्लॅट मिळाले, त्यातलाच हा एक.

माझ्या पानावरचं 'खरं नाव लागत नाही' वाचून ताई म्हणाल्या होत्या, "आडनावही नाही ना?" मी छाती फुगवून म्हणालो, "काहीच नाही." त्यांनी टिटवीचं चित्र लावलं आणि टिटवी होऊन त्या लिहू लागल्या.

आधी शाळेतल्या गमती लिहिल्या, पुस्तकांबद्दल लिहिलं. मग एक दिवस ओढ्याबद्दल लिहिलं. आमच्या सोसायटीत सांडपाणी शुद्ध करायची टाकी आहे. तिची मोटर चालली तर पाणी स्वच्छ होऊन बाहेर जातं, नाही चालली तर जसं येतं तसंच ओढ्यात उतरतं. अध्यक्षांनी ती बंद ठेवून विजेचं बिल खाली आणलं होतं आणि सभेत त्यांच्यासाठी टाळ्या पडल्या होत्या. त्यातल्या दोन टाळ्या माझ्या. ताई रोज ओढ्यावरून स्कूटर घेऊन जात. त्यांनी लिहिलं, 'ओढा फेसाची टोपी घालून निघालाय, पण लग्न कुणाचं आहे ते नाकाला कळतं.' सोबत फोटो. या चावडीवरून त्या चावडीवर ते फिरलं आणि फिरत फिरत अध्यक्षांच्या मोबाइलवर आलं.

पार्किंगमध्ये सभा भरली. अध्यक्ष खुर्चीवर बसलेच नाहीत.

"ही टिटवी भाईरची न्हाई," ते म्हणाले. "आपल्याच वायरीवर बसलीया. आज ना उद्या काढतो. आन माझ्या घरात राहून माझ्याच दारात घाण करनारं कुनी निगालं, तर म्हैना बी द्यायाचो न्हाई."

त्यांचे भाडेकरू बरेच होते, त्यामुळे ते सगळ्यांकडे बघत होते. ताई खाली बघत होत्या. मुलीची पूर्वपरीक्षा तोंडावर होती. ऐन परीक्षेत पुन्हा हॉल, किचन, बाल्कनीतला डोंगर आणि आडनाव.

'आपल्याच वायरीवर' हे अध्यक्षांना कळलं कसं? चावडीत कुणीतरी फितूर होतं! मी सगळे पासवर्ड बदलले, इतके अवघड केले की मलाच माझ्या सर्व्हरमध्ये दिवसभर शिरता आलं नाही. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर टिकली चिकटवली, बायकोच्या पाकिटातली. मग बायकोची उलटतपासणी.

"तू कुणाला काही बोललीस का?"

"कशाबद्दल?"

"त्याबद्दल."

"अहो, त्याबद्दल म्हणजे कशाबद्दल?"

"तुला माहीत नसेल तर राहू दे. आणि माहीत असेल तर मला सांग."

"तुमचं ते यंत्र करतं काय हेच मला माहीत नाही," ती म्हणाली. "दळायला बसायचं तर त्याची पिन काढावी लागते, एवढं माहितीये. आणि माझी टिकली परत द्या."

मग मी आबांवर घसरलो. आबा म्हणजे ओढ्याच्या खालच्या अंगाला ज्यांचं वावर आहे ते, अध्यक्षांचेच चुलतभाऊ, आणि भावकीत असतं तसं दोघांचं वाकडं. म्हटलं, यांनीच भांडणात काहीतरी बोलून दाखवलं असणार. बांधावर जाऊन मी अगदी सहज विचारावं तसं विचारलं, "आबा, इकडे टिटवी दिसते का हो?"

"लई हायेत. वावरातच अंडी घालत्यात. का, पाळायचीया?"

"मोबाइलवरच्या टिटवीचं म्हणतोय मी."

"मंग तसं इचारा की. आमाला मोबाइलवर फकस्त फोन येतो, त्यो बी भावकीचा, शिव्या द्यायला." आबांनी मला जरा निरखलं. "तुमास्नी हितं वास येतोय का न्हाई?"

येत होता. मी नाकाला रुमाल लावला होता, तो तेव्हा लक्षात आला.

"मंग ज्याला नाक हाय त्या समद्यांचा संशव घ्या," आबा म्हणाले आणि पाठ फिरवून कामाला लागले.

असा सगळ्यांवर पाळत ठेवून मी दमलो असताना अध्यक्षांनी मला चहाला बोलावलं. म्हटलं, सापडलो. पण ते तर गोड हसले, खारी पुढे सरकवली.

"सायेब, तुमी कंपूटरातले. एक काम हाय, पन कुनाला बोलायचं न्हाई. ह्या टिटवीचं यंतर आपल्या विंगेत हाय. कुनाच्या घरात हाय तेवढं तुमी हुडकून द्यायचं."

चहा माझ्या नाकात गेला. चोराच्याच हाती दिवटी!

"आपल्या विंगेत कशावरून?" मी खोकत विचारलं.

त्यांनी मोबाइल काढला. माझंच पान. माझीच हिरवी पट्टी. तिच्यावर त्यांनी बोट ठेवलं आणि रेघांची रांग उघडली.

"आमच्या जावयांनी दावलं, हिंजवडीला हायेत. ही लाल रेघ बघा. गुरवार. ही बी गुरवार. ही बी. गुरवारी दुरुस्तीला लाईट कुटं जाती? आपल्या नांद्यात. शेजारच्या चांद्याची तार येगळी, तितं ऱ्हाती. म्हंजी यंतर नांद्यात. आता ही बघा, मंगळवारची. त्या दिशी गावात लाईट व्हती, फकस्त आपल्या विंगेची गेलती. डीपीत सरडा शिरला व्हता. मी सोता उबा व्हतो, जळका सरडा मीच काढला काठीनं." त्यांनी खारी चहात बुडवली. "सरडा मेला पन साक्ष देऊन गेला."

मी त्या रेघांकडे बघत राहिलो. वर्षानुवर्षं मी सर्व्हरवाला म्हणून पगार घेतला आणि माझ्या प्रगतिपुस्तकाचं लाल मला एका सरड्याने वाचून दाखवलं. सत्त्याण्णव टक्क्यांत काही दडलेलं नव्हतं. सगळं काही उरलेल्या तीन टक्क्यांत होतं.

"पन एक कळंना," अध्यक्ष म्हणाले. "रविवारी सकाळी ह्या बारक्या बारक्या लाल रेघा कशाच्या? तवा तर लाईट असती."

ते आमचं दळण होतं. आम्ही ज्वारी केव्हा दळतो हे जगाला उघड दिसत होतं.

"तांत्रिक कारण," मी म्हणालो.

"बघा बरं तेवढं," ते म्हणाले.

मी लिफ्टची वाट न बघता जिन्याने वर गेलो आणि धापा टाकत पहिलं काम काय केलं असेल, तर ती पट्टी पानावरून काढून टाकली. पुरावा नष्ट! मग खुर्चीत पाय पसरून बसलो आणि 'मी नसतो तर ताईंचं काय झालं असतं' असा विचार करत होतो, तेवढ्यात बेल वाजली.

दारात अध्यक्ष. हातात मोबाइल.

"सायेब, पट्टी गेली."

"कुठली पट्टी?"

"मी ती दोगांनाच दावली. जावयांना दावली आन तुमास्नी." ते मोबाइलकडे बघत होते, माझ्याकडे नाही. "जावई आत्ता इमानात हायेत."

मी काहीतरी बोलणार, तर आतून बायकोचा आवाज: "अहो, त्या यंत्राची पिन काढा, दळण टाकायचंय!"

अध्यक्षांची नजर हळूच चपलांच्या कपाटावर गेली. हिरवा दिवा लुकलुकत होता.

"तांत्रिक कारन," ते म्हणाले.

त्याच वेळी समोरचं दार उघडलं. ताई पिशवी घेऊन बाहेर पडत होत्या, त्या उंबऱ्यातच थांबल्या. अध्यक्षांची त्यांच्याकडे पाठ होती.

"म्हंजी टिटवी तुमी?"

माझा फ्लॅट माझ्या नावावर आहे, बँकेच्या साक्षीने. मला काढायला अध्यक्षांना बँकेशी भांडावं लागलं असतं. मी म्हणालो, "हो. मीच."

अध्यक्षांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"ते फेसाची टोपी घालून ओढा निगालाय, ते तुमी लिवलं?"

"हो."

"आन पार्किंगची नोटीस लावली व्हती बोर्डावर, ती बी तुमीच लिवली व्हती न्हवं?"

"हो."

"हं," ते म्हणाले. एवढ्या एका अक्षरात माझ्या लिखाणाची इतकी खरी समीक्षा आजवर कुणी केलेली नाही.

तेव्हापासून सोसायटीत मी टिटवी झालो. अध्यक्ष माझ्याकडे बघेनासे झाले, माझ्या गाडीच्या जागेत वाळूची पोती येऊन पडली. पण काही लोक हळूच कौतुकही करायचे. लिफ्टमध्ये खालच्या मजल्यावरचे काका म्हणाले, "काय लिहिता हो तुम्ही! ते लग्नाचं तर फारच." मी नम्रपणे म्हणालो, "सुचतं तसं लिहितो." लिफ्टच्या कोपऱ्यात ताई उभ्या होत्या. काका उतरले. आमचा मजला आल्यावर ताईंनी मला आधी बाहेर पडू दिलं.

संध्याकाळी त्या घरी आल्या. बायकोने चहा टाकला.

"दादा, त्या दिवशी तुम्ही हो म्हणालात, माझं घर राहिलं. ते मी विसरणार नाही," त्या म्हणाल्या. "पण मला नाव लपवायचं होतं. लिहिलेलं देऊन टाकायचं नव्हतं."

मग, आता सांगतोच आहोत तर सगळंच, म्हणून दुसरीही गोष्ट सांगून टाकली. ती मला पट्टी काढल्यावरच कळली होती. ते हिरवं चित्र माझ्या यंत्रात नव्हतंच. ते त्या हाक मारणाऱ्या वेबसाइटीकडेच ठेवलेलं होतं. माझं पान कुणीही उघडलं की त्याचा मोबाइल माझ्या नकळत तिकडे जाऊन ते चित्र मागून आणायचा, आणि जाताना आपला पत्ता आणि वेळ तिकडे सोडून यायचा. त्यांनी त्याचं काय केलं मला माहीत नाही. काही केलं नसेलही. मी विचारलंही नव्हतं.

"म्हणजे मी तुमच्याकडे आले की तिसऱ्याच कुणाला तरी कळत होतं?"

"कोण ते नाही, पण कुठून आणि केव्हा, ते कळत असावं."

"इथे कुणी बघत नाही अशी पाटी लावलीत," ताई म्हणाल्या, "आणि डोळे पाटीलाच होते."

यावर बायको फिसकन हसली. मला त्या वेळी तिचा पुन्हा थोडा संशय आला.

"आता बिऱ्हाड कसं हलवायचं ते सांगा," ताई म्हणाल्या. हलवता येतं, हे मीच त्यांना मोठ्या तोऱ्यात सांगितलेलं. मी समोर बसून मदत केली. टिटवीचं चित्र, तिचं लिहिणं वाचणारे सगळे, असा गोतावळा दुसऱ्या कुणाच्या तरी चावडीवर गेला. मी काळजीने विचारलं, "तिथला मालक कोण आहे, कुठला आहे, काही चौकशी केलीत का? कुणावरही असा विश्वास..."

"मला तो माहीत नाही, त्याला मी माहीत नाही. तेच बरं आहे," त्या म्हणाल्या. "तुम्हाला तर माझी चप्पलसुद्धा ओळखू येते."

येते. निळ्या पट्ट्याची.

मग आला गुरुवार. सकाळीच लाईट गेली. लिफ्ट बंद, पंखे बंद. मी त्या दिवशी घरून काम करणार होतो, तेही बंद. म्हणून खाली पार्किंगमध्ये वाळूच्या पोत्यांवर वारा घेत बसलो होतो. अध्यक्ष तरातरा आले, मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. टिटवीने नवं लिहिलं होतं, नुकतंच.

'आज गुरुवार. आज मोटर बंद आहे, कारण वीज नाही. बाकीच्या वारांचं कारण कुणी सांगेल का?'

"तुमचं यंतर चालू हाय?" अध्यक्षांनी विचारलं.

"लाईट नाही तर कसं चालेल?"

त्यांचा विश्वास बसला नाही. जिने चढून ते वर गेले, मी मागोमाग. कपाटावर माझा डबा निपचित पडला होता, दिवा विझलेला. त्यांनी त्यावर हात ठेवून बघितला, आजारी माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा.

"थंड हाय," ते म्हणाले. "मंग ही बोलली कुटनं?"

हिला बोलायला माझं यंत्र लागत नाही, मोबाइलला टॉवर असला की झालं. आणि चावडी तर आता भलत्याच मुलखात आहे, हे त्यांना सांगायला मी काही आमच्या कंपनीच्या मीटिंगमध्ये नव्हतो.

"म्हंजी टिटवी आपल्या वायरीवर न्हाईच," अध्यक्ष स्वतःशीच म्हणाले. "चांद्याकडची असंल. तितं आज लाईट हाय." मग माझ्याकडे वळले. "आन तुमी कशापाई हो म्हनला वं?"

"लोक कौतुक करत होते," मी म्हणालो. हे पूर्ण खोटंही नव्हतं.

"मला तवाच वाटलं व्हतं," ते समाधानाने म्हणाले. "तुमास्नी एवढं लिवता यायाचं न्हाई."

समोरचं दार उघडलं. ताई हेल्मेट घेऊन शाळेला निघाल्या होत्या.

"काय झालं, अध्यक्ष?"

"काय न्हाई, ताई. पोरीचा अभ्यास कसा चाललाय?"

"चाललाय. ओढ्याचा वास येतो, म्हणून खिडकी लावून बसते."

ताई निळ्या पट्ट्याच्या चपला घालून खाली गेल्या.

वाळूची पोती पुढे कधीतरी उचलली गेली. टाकीची मोटर आता अधूनमधून घुमते. ती ओढ्यासाठी चालते की कुणी फोटो काढायला आलं तर आवाज असावा म्हणून, याचा मला संशय आहे. आबा म्हणतात फेस कमी झालाय, वास हाय तसाच हाय. अध्यक्ष चांद्यातल्या कुणावर तरी नजर ठेवून आहेत असं ऐकतो. ताईंच्या मुलीची परीक्षा त्याच घरातून झाली.

टिटवी आता ओढ्याबद्दल फक्त गुरुवारीच लिहिते. नेमका तेव्हाच माझा डबा बंद असतो, त्यामुळे माझ्या चावडीवरून मला ते वाचता येत नाही. मोबाइलवर तिचं पान बाहेरून, कुणी परक्याने उघडावं तसं, नाव न सांगता उघडतो. वाचायच्या आधी पान खाली सरकवून तळाशी बघतो, कुठे हिरवी पट्टी आहे का. नसते. मग वर येऊन वाचतो.